नळीत राहिलेला छर्रा

माझं चाव्यांचं दुकान आणि तिचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान यांच्या मध्ये एकच भिंत, तीही पत्र्याची. अकरा वर्षांत पलीकडचा एकेक आवाज माझ्या ओळखीचा झाला होता. चाक फिरल्याचा, शटल अडकल्याचा, तेलाची बुधली फळीवर ठेवल्याचा. सगळी गल्ली तिला मशीनताई म्हणायची. वय पंचेचाळिशीच्या आसपास, बोलणं मोजकं. हात मात्र असे, की गुंतलेला दोरा हिला बघून आपणहून सरळ होतो, असं शिंपी म्हणायचे.

नवरा मालवाहू बोटीवर, वर्षातले दोन महिने घरी. घरात ती, सासूबाई आणि धाकटा दीर. दीर शहर बसचा ड्रायव्हर, बत्तिशीचा, तोंडाला कुलूप नसलेला. ड्युटी संपली की तो तिच्या दुकानातल्या स्टुलावर अर्धा तास बसायचा.

"वहिनी, तुम्ही दिवसभरात जेवढं बोलता ना, तेवढं मी एका सिग्नलला बोलतो."

"म्हणूनच मी बस चालवत नाही," ती म्हणायची. भिंतीपलीकडे मी हसायचो.

गावाबाहेरच्या बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्यात एक एअरसॉफ्टचं मैदान सुरू झालं. एअरसॉफ्टची बंदूक दिसायला हुबेहूब खरी. आत दारू मात्र नसते. बॅटरीवर मोटर फिरते, स्प्रिंग दबते आणि हवेच्या जोरानं लहान वाटाण्याएवढा प्लास्टिकचा छर्रा सुटतो. दोन गट पाडायचे, पडक्या भिंतींआडून नेम धरायचा, लागला की हात वर करून बाहेर. मैदान चालवणारे गृहस्थ खेळाचे निवृत्त शिक्षक, म्हणून सगळे त्यांना सर म्हणत. दीर दर रविवारी तिथे जायला लागला, आणि दुसऱ्याच महिन्यात त्याच्या बंदुकीचं गिअर सटकलं. ती त्यानं वहिनीच्या टेबलावर आणून ठेवली.

तिनं ती उघडली, आत बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "हे शिलाई मशीनच की. फक्त सुई उडून जाते."

तिथून मैदानावरच्या सगळ्यांच्या बंदुका तिच्याकडे यायला लागल्या. काम करताना ती काटेकोर होती. एकदा दीर बंदूक उघडीच हातात घेऊन बसस्टॉपवरून चालत आला, तेव्हा समोरच्या बेकरीवालीनं शटर खाली ओढलं होतं. "खरी की खोटी, हे समोरच्यानं कसं ओळखायचं? आणि समोरचा पोलीस असला तर?" एवढं बोलून ताईनं त्याच संध्याकाळी जाड कापडाची लांब पिशवी शिवून त्याच्या हातात दिली. पिशवीतून न आणलेली बंदूक ती दुरुस्तीला घ्यायचीच नाही.

तो बुधवार होता. दुपारचे चार वाजले असतील. दीर ड्युटीवरून आला होता. तिनं एका बंदुकीची स्प्रिंग बदलली होती आणि वेग बघायला पाच-सहा छर्रे झाडायचे होते. तिनं त्याला बाहेर उभं केलं, स्वतः संरक्षक चष्मा चढवला आणि चिंध्या भरलेल्या खोक्यात छर्रे झाडले. टक टक टक, मी मोजलेसुद्धा. मग तिनं छर्ऱ्यांची मॅगझीन काढून टेबलावर ठेवली, चष्मा काढला आणि त्याला आत बोलावलं. तो स्टुलावर बसला, त्यानं कसलासा विनोद केला. गिअर कुठेतरी घासतंय असं तिला वाटलं, म्हणून नुसता आवाज ऐकायला तिनं पुन्हा ट्रिगर दाबला.

मॅगझीन काढली तरी वर चढलेला शेवटचा छर्रा नळीत बसून राहतो. हे तिला माहीत होतं. त्याच वेळी तो खाली पडलेली टोपी उचलायला वाकला.

मला एकच टक ऐकू आलं, आणि मग स्टूल पडल्याचा आवाज.

मी गेलो तेव्हा तो जमिनीवर बसला होता, उजव्या डोळ्यावर तळहात दाबून, आणि "काही नाही, काही नाही" म्हणत होता. ती उभी होती. बंदूक टेबलावर होती, नळी भिंतीकडे, बॅटरी काढून बाजूला ठेवलेली. तेवढ्यात तिनं ती कधी काढली, मला आजही कळत नाही.

"हात काढा, भावजी. चोळू नका. दाबू तर अजिबात नका," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "दादा, तुमच्याकडे चहाचे कागदी कप आहेत. एक द्या. कोरा."

तिनं तो कप डोळ्याला न टेकवता त्यावर उपडा धरला आणि कडेनं चिकटपट्टी लावली. पाण्यानं धुऊ या का, असं मी विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. माझ्या व्हॅनमध्ये ती त्याला ताठ बसवून घेऊन बसली. रस्ताभर तिचा आवाज असा होता, जसं गिऱ्हाइकाला मशीन कधी तयार होईल ते सांगावं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बुबुळापुढे रक्त साठलं होतं, आतलं भिंग सरकलं होतं. कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, "कसं लागलं?"

ती काही बोलायच्या आत दीर बोलला, "मैदानावर. खेळताना. कुणाचा लागला, कळलं नाही."

"नाही," ती म्हणाली. "दुकानात लागला. माझ्या हातून."

"वहिनी, गप्प बसा ना."

"मैदानावर तुमच्या डोळ्यावर चष्मा असतो, तिथे लागलाच नसता. सरांच्या माथी कशाला मारायचं?" मग डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "लिहा. दुकानात. दोघांच्याही डोळ्यावर चष्मा नव्हता. ट्रिगर मी दाबला."

डॉक्टरीणबाईंनी लिहिलं. असं लागलेलं असलं की पोलिसांना कळवावं लागतं, तसं त्यांनी कळवलं. दुसऱ्या दिवशी फौजदार दुकानात आले. पंचनाम्याला मी होतो.

"रिकामी आहे, असं कशावरून समजलात?" त्यांनी विचारलं.

"मॅगझीन काढली होती."

"म्हणजे खात्री केली नाहीत?"

"नाही. समजले."

फौजदारांनी ते तसंच लिहून घेतलं. दिरानं तक्रार करायला साफ नकार दिला आणि अपघात म्हणून नोंद होऊन ते प्रकरण मिटलं. दोन ऑपरेशनं झाली. त्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं.

तिसऱ्या दिवशी तिनं दुकान उघडलं. लोकांना ते बरं दिसलं नाही. काळीज दगडाचं आहे, असं बेकरीवाली मला म्हणाली. मी मात्र भिंतीपलीकडचे आवाज ऐकत होतो. चाक फिरायचं, थांबायचं, आणि मग बराच वेळ काहीच नाही. एकदा मी चहा घेऊन गेलो, तर ती सुई हातात धरून बसली होती. सुईचं टोक बोटात रुतलं होतं, रक्ताचा थेंब आला होता.

"ताई, बोट."

तिनं बोटाकडे पाहिलं. "दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, तेव्हा गाल कसा होतो? आपलाच असतो, पण आपला वाटत नाही. तसं झालंय सगळं," ती म्हणाली आणि बोट पुसलं.

घरातलं मला दिरानं सांगितलं. जेवताना तो भांड्यात पाणी ओतायला जायचा आणि पाणी भांड्याशेजारी पडायचं. एका डोळ्याला अंतराचा अंदाज येत नाही. तेव्हा ती भांडं उचलून तांब्याच्या काठाला टेकवून धरायची. बोटीवरून नवऱ्याचा फोन यायचा. तू बरी आहेस ना, असं तो विचारायचा आणि ती हो म्हणायची. पुन्हा विचारलं तरी हो. सासूबाईंनी पंधरा दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं. मग एकदा धान्य निवडता निवडता त्या म्हणाल्या, "तू एकदासुद्धा रडली नाहीस."

"येत नाही, आई."

"मला आलं. दोनदा. दुसऱ्यांदा तुझ्यासाठी आलं," असं म्हणून सासूबाईंनी सूप तिच्याकडे सरकवलं. ती निवडायला बसली. त्यावर दोघींत तेवढंच बोलणं झालं.

दिराचा मोठ्या गाडीचा परवाना गेला. डेपोनं त्याला सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं. छत्र्या, चष्मे, हातमोजे, एकदा तर कुणाची तरी कवळी. तो म्हणायचा, "आता सगळ्यांकडे एकाच नजरेनं बघतो, भेदभाव नाही. आणि कानाडोळा करायला त्रासही निम्मा." लोक हसायचे. ती हसायची नाही, उठूनही जायची नाही.

चौथ्या आठवड्यात सर आले. तिच्या फळीवर मैदानावरच्या सहा बंदुका पडून होत्या. "न्यायला आलोय," ते म्हणाले. ते उगाच छताकडे बघत होते.

तिनं आधी सरांना चष्मा दिला, मग मला दिला आणि शेवटी स्वतः घातला. एकेक बंदूक पिशवीतून काढली, मॅगझीन काढली, नळी खोक्याकडे धरून दोनदा ट्रिगर दाबला, सेफ्टीचा खटका लावला, बॅटरी काढली आणि पुन्हा पिशवीत घातली. पाच बंदुकांतून काही निघालं नाही. सहावीतून एक छर्रा निघाला. ती पिशवीची दोरी बांधत राहिली.

"फाटकाशी वाळू भरलेलं पिंप ठेवा," ती म्हणाली. "आत जाणाऱ्यानं आणि बाहेर येणाऱ्यानं, दोघांनी असंच करायचं."

"हे तुम्हीच येऊन सांगाल का?" सरांनी विचारलं. "माझं कुणी ऐकत नाही. पंचवीस वर्षं शिट्टी वाजवली मी. शिट्टीची सवय होते लोकांना."

तिनं पिशव्या त्यांच्या हातात दिल्या. पुढच्या रविवारी मात्र गेली.

गेलं वर्षभर ती दर रविवारी सकाळी फाटकाशी उभी असते. खेळाडू जमले की बोलते. मैदानात असेपर्यंत चष्मा उतरवायचा नाही, वाफ धरली तरी नाही. डोळे पूर्ण झाकणाराच चष्मा चालेल, साधा नाही. खेळ नसताना नळी जमिनीकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर. बंदूक कायम भरलेलीच आहे, असं समजायचं. दिराबद्दल ती काहीच सांगत नाही. आवाज सपाट, जसा त्या दिवशी व्हॅनमध्ये होता. काही जण जांभया देतात.

एकदा मी सोबत होतो. एक धिप्पाड गृहस्थ, स्वतःची व्यायामशाळा असलेले, खेळ ऐन रंगात असताना भिंतीआड चष्मा कपाळावर सरकवून काच पुसत उभे होते. तिनं हात वर करून खेळ थांबवला आणि त्यांच्यापाशी गेली.

"बाहेर चला."

"अहो बाई, दोन सेकंद. काहीच दिसत नव्हतं."

"म्हणूनच. न दिसणाऱ्यानं हात वर करून बाहेर यायचं असतं."

"माझा डोळा आहे, माझी जबाबदारी."

"तुमचा डोळा आहे," ती म्हणाली. "पण तो ज्याच्या हातून जाईल, त्याचं काय?"

गृहस्थांनी सरांकडे पाहिलं. सर वाळूचं पिंप बघत उभे राहिले. शेवटी गृहस्थ बाहेर आले, पिंपात बंदूक रिकामी केली आणि चरफडत गाडीत जाऊन बसले. दोन रविवार आले नाहीत. तिसऱ्या रविवारी नवा, पंखा असलेला, वाफ न धरणारा चष्मा घेऊन आले. तिनं तो हातात घेऊन तपासला आणि त्यांना आत सोडलं.

परतताना व्हॅनमध्ये मी तिला विचारलं, "ताई, आता कसं वाटतं?"

ती खिडकीतून कारखान्याच्या धुराड्याकडे बघत होती. तशीच म्हणाली, "गालात मुंग्या येतात अधूनमधून."

पुढच्या महिन्यात तिचा नवरा सुट्टीवर येणार आहे. सासूबाईंनी त्याच्या खोलीला रंग द्यायला घेतलाय. भिंतीचा वरचा भाग ताई रंगवते आणि खालचा दीर. कड वाकडी गेली की सासूबाई दोघांनाही सारख्याच बोलतात.