खैरुन आपासाठी मांडलेले पत्ते

माझ्या लेकीला, कमलला हे माहीत नाही. तिच्या नवऱ्याला नाही, पोरांना तर नाहीच. इतक्या वर्षांत कोणापुढे हे तोंडातून निघालं नाही — आणि आज तुमच्यापुढे का निघतंय, तेही मला धड सांगता येत नाही. तुम्ही ऐकून घेणारे दिसता, एवढंच.

मी पत्ते बघायची. खेळायचे साधेच पत्ते — इस्पिक, बदाम, चौकट, किलवर. जालन्याच्या छावणीत साहेबांच्या घरी कामाला राहिलेली एक म्हातारी आया होती. तिच्या शेवटच्या दुखण्यात मी तिचं सगळं केलं, आणि तिनं मडमेकडून उचललेली ही विद्या माझ्या पदरात टाकली. पाच पत्ते पालथे मांडायचे. ज्याचा प्रश्न त्यानं एकेक उलटायचा. पाचवा पत्ता रस्त्याचा — जावं की थांबावं, ते तो सांगणार. आणि मांडताना हातातून एखादा पडला, तर तो धरायचा नाही. बाजूला ठेवून दुसरा घ्यायचा.

नवरा वारला तेव्हा कमल चार वर्षांची होती. सासरच्यांनी दार लावलं. जालन्यातच, कादराबादेत खैरुन आपाचं लहानसं घर होतं. त्यात ती आणि तिचं शिवणयंत्र, तिसरं कोणी नाही. तिनं मागची खोली आम्हाला दिली. भाड्याचं नाव काढलं की दोन दिवस बोलायची नाही.

माझा धंदाही तिच्यामुळेच चालला. तुम्हीच सांगा, मोंढ्यातला आडत्या एका विधवेच्या दारात नशीब विचारायला कसा येईल? पण काखेत कापड धरून बायकोचं पोलकं शिवायला टाकायला कोणीही यावं! तसे ते यायचे. आपा बांबूच्या चिकाच्या पडद्याआड यंत्रावर, आणि मी ओसरीच्या कोपऱ्यात पत्ते घेऊन. सरकी आत्ता विकू का? आष्टीला दुकान टाकू का? एक शेटजी तर महिनाभर येत होते — "बाई, भाच्याला भागीदार घ्यायचं म्हणून राह्यलो, बघा की जरा." त्या भाच्यापायी त्यांच्या बायकोची सात पोलकी झाली. ती बिचारी खूश, भाचा मात्र अधांतरीच.

आणि माझ्या पत्त्यांवर सगळ्यात जास्त विश्वास कुणाचा? आपाचाच. यंत्राचा पट्टा बदलायचा असला तरी आधी मला हाक.

एके दिवशी तिला चिठ्ठी आली. औरंगाबादेत मुलींच्या मदरशात — सरकारी शाळाच ती — शिवण शिकवायला उस्तानी हवी होती. पगार, राहायला खोली, म्हातारपणी वजीफा. आपाला आयुष्यात कोणी उस्तानी म्हटलं नव्हतं. तिनं तो शब्द दोनतीनदा हळूच स्वतःशी म्हणून पाहिला. मग हातपाय धुऊन माझ्यासमोर येऊन बसली.

"जाऊं क्या, सुभद्रा? बराबर देख के बोल."

मी चार पत्ते मांडले. पाचवा मांडताना तो माझ्या नजरेस पडला. चौकटची दश्शी — पगार आणि मान. याहून चांगला पत्ता त्या प्रश्नाला असूच शकत नाही. आणि — कसं सांगू — माझी बोटं सैल झाली. पत्ता चटईवर पडला. बघा, अजूनही "पडला" म्हणते आहे मी! पडला नाही. मी पाडला.

"पडलेला धरत न्हाईत, आपा," म्हणाले मी, आणि गड्डीच्या तळाशी इस्पिकची सत्ती आहे हे ठाऊक असून तीच काढून ठेवली. तिनं पाची पत्ते आपल्या हातानं उलटले. सत्ती म्हणजे थांब, हे तिला सांगावं लागलं नाही, शंभरदा ऐकला होता तिनं. मग उठली आणि सुईत दोरा ओवायला लागली.

ती गेली असती तर ओसरी गेली असती, गिऱ्हाईक गेलं असतं, डोक्यावरचं छप्पर गेलं असतं — असं मला वाटलं. पण खरंच गेलं असतं का? कदाचित ती घर माझ्याकडे सोपवून गेली असती. कदाचित आम्हाला बरोबर नेलं असतं. मी विचारलंच नाही. विचारायला काय लागत होतं?

आपा राहिली. ती राहिली म्हणून माझं घर उभं राहिलं, हे मी रोज उठून म्हणते. कमलला विषमज्वर झाला तेव्हा एकवीस दिवस आपा तिच्या उशाशी होती. तिनं पोरीला कापड बेतायला शिकवलं, काजं करायला शिकवलं, उर्दू अक्षरं गिरवून घेतली. माझ्या सोवळ्यासाठी आपलं मटण शेजारणीच्या चुलीवर शिजवायची आणि मला म्हणायची, तिच्या चुलीला चव जास्त आहे. असं माणूस कुणाच्या वाट्याला येतं? माझ्या आलं.

कमल वयात आली आणि त्याच मदरशात पुन्हा जागा निघाली. आपाची नजर तोवर अधू झाली होती. तिनंच कमलचं नाव कळवलं, तिनंच होकाराची चिठ्ठी छातीशी धरून आणली, आणि वर मलाच दटावलं — लडकी का सवाल है, पत्ते मांड.

माझा हात गड्डीकडे जाईना. रस्त्याला वाईट पत्ता निघाला तर?

"सकाळीच मांडले, आपा," मी म्हणाले. "चौकटची दश्शी आल्ती." मी गड्डीला हातसुद्धा लावला नव्हता.

आपानं कमलचा चेहरा दोन्ही हातांत धरला, तिच्यावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. हसत होती, रडत होती.

"मेरे पत्तों में नईं था, मेरी बच्ची के पत्तों में निकला. शुक्र है." मग माझ्याकडे वळली. "तेरे हात का पत्ता झूट नईं बोलता, सुभद्रा."

मी मान डोलावली.

कमल उस्तानी झाली. निजामी जायच्या आदल्या वर्षी आपा वारली, माझ्या मांडीवर डोकं ठेवून, मला दुवा देत. शुद्धीवर होती, ऐकू येत होतं. दुपारपासून दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघीच होतो. मी तिला पाणी पाजलं, तिचे पाय चेपले, आणि काही बोलले नाही.