कायतान मास्तरचं खमीर

कायतान मास्तरच्या तोंडात दिवसभर एकच पोर्तुगीज क्रियापद घोळायचं. ‘दार’, म्हणजे देणं. मडगावचा हा पाववाला कुवैतमध्ये एका कंपनीच्या मेसची भट्टी सांभाळायचा. काम अडलं की म्हणायचा ‘दार उं जैतु’, वाट काढूया. चहाड्यांना ‘दार ओव्हीदुश’ करू नये, म्हणजे कान देऊ नये. हाताखालच्या हर्णैच्या कासमला त्याची मौज वाटे. कान काय, हात काय, शब्द काय, आपणही देतोच की. एकच देणं त्याला नवं होतं. चूक कबूल करायची म्हणजे पोर्तुगीजांनी आपला हात पिरगाळायला द्यायचा, ‘दार उ ब्रासु आ तोरसेर’. असा हात आपण बायकोलाही दिला नाही, असं मास्तर छाती ठोकून सांगे. ते खरंच होतं. पाव करपले तर दोष पिठाचा, नाहीतर भट्टीचा, नाहीतर कासमचा.

पण माणूस मायेचा. बोटीतून उतरलेल्या कासमला त्यानंच हाताशी धरून काम शिकवलं. रमजानात कासमच्या पहाटेच्या सहेरीसाठी तो न चुकता वेगळा पाव भाजून ठेवी.

अठ्ठावन्न सालच्या नाताळच्या आदल्या दिवशी मास्तर रंगात आला आणि बरणीतल्या खमिराची कुळकथा सांगू लागला. रोज पीठपाणी घालून जगवलेलं, बोटीत मांडीवर सांभाळून आणलेलं. आणि मूळ आंबवण बापाच्या भट्टीतलं, माडाच्या सुरेचं, म्हणजे माडीचं. कासमच्या घरात पिढ्यान् पिढ्या दारूला कुणी शिवलं नव्हतं, आणि इतकी वर्षं तो याच पावावर रोजे धरत आला होता. आपल्याला कुणी विचारलंसुद्धा नाही, हे त्याला सुरेपेक्षा जास्त झोंबलं. नाताळच्या सकाळी मास्तर चर्चला गेल्यावर त्यानं बरणी वाळूत उपडी केली. मास्तर आल्यावर सांगितलं, नासलं होतं.

दुसऱ्या दिवशी खमिराविना पाव दगड झाले. मॅनेजर तणतणत भट्टीवर आला. आता मास्तर आपलं नाव घेणार आणि आपली गावाकडे रवानगी होणार, असं कासमनं धरून चाललं. मास्तरनं ॲप्रनला हात पुसले आणि सांगितलं की खमिराची काळजी घेणं माझं काम, चूक माझी आहे. कासमला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

पुढे कित्येक दिवस बाजारातल्या यीस्टवर निभावलं. एका सकाळी भट्टीतून पहिला पाव काढून त्यानं कासमसमोर ठेवला. कासमनं पावाला हात लावला नाही.

“मास्तर, तां खमीर नासलां नव्हतां, मीच टाकलां,” तो म्हणाला.

“म्हाका खबर आसा, कासमा. हें खमीर नवें. बसऱ्याच्या खजुराचें.” मास्तर खाली बघून पीठ झटकत राहिला. “सुरेचें पयलींच तुका सांगपाक जाय आसलें. चूक म्हजी.”

दुसऱ्यांदा मास्तरनं आपला हात पिरगाळायला दिला होता, आणि या वेळी समोर मॅनेजर नव्हता.

“आतां खा,” मास्तर म्हणाला. “हात दुखता म्हजो.”

डोळे पुसत कासम भट्टीपाशी बसला आणि तो अख्खा पाव त्यानं कोरडाच खाल्ला.