डावा खांदा आणि दुसरा कॅमेरा

मी शाळेत मराठी शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी माळरानावर पोटाने सरपटतो. या दोहोंपैकी दुसऱ्या गोष्टीचा माझ्या पत्नीला कधीच फारसा अभिमान वाटलेला नाही.

नळदुर्गाहून जळकोटच्या बाजूला गेले, की खडकाळ, पिवळ्या गवताचे माळ लागतात. हिवाळ्यात तेथे भोवत्या नावाचे शिकारी पक्षी उतरतात. लांब पंख किंचित उचलून ते हरभऱ्यावरून इतके खालून तरंगत जातात, की पिकाला त्यांची सावली खरचटेल असे वाटावे. त्यांच्यासाठी माझ्याजवळ एक लांब लेन्स आणि ती पेलणारा एक वजनदार कॅमेरा आहे. अडचण एवढीच, की पक्षी टिपून झाल्यावर तो पक्षी, खालचे रान आणि वरचे आभाळ असे सगळे एकत्र हवेसे वाटते. त्यासाठी लेन्स बदलावी लागते आणि आमच्या वाऱ्यात लेन्स बदलणे म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटात मूठभर माती भरणे. म्हणून दोन कॅमेरे असावेत. एकावर लांब लेन्स कायमची, दुसऱ्यावर रुंद. आणि दुसरा वजनाला हलका असावा, कारण दोन्ही एकाच माणसाच्या अंगावर लटकणार. हा युक्तिवाद निर्दोष होता. निर्दोष युक्तिवादाची खोड अशी, की तो करणाऱ्याला स्वतःचा हेतू तपासावासा वाटत नाही.

पत्नीने तो शांतपणे ऐकून घेतला.

"एका माणसाला एक क्यामेरा," ती म्हणाली. "डोळे दोन हायेत म्हणून चष्मे दोन घालता का?"

मी मान हलवली. आमच्या घरात हलवलेली मान म्हणजे दिलेला शब्द.

दिवाळीनंतर एका दुपारी माळावर सरपटताना माझा डावा खांदा लचकला. दोन दिवस तो खरोखरच दुखला. तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तेव्हा दुखणे निघून गेले होते. पत्नीने विचारले, "खांदा कसा हाय?" मी म्हणालो, "आहे तसाच." आजवर मी हजारो निबंध तपासले असतील, दोन शब्दांत इतके खोटे मी दुसरीकडे वाचलेले नाही. माझा हिशेब असा होता, की दुखणे एकदा घरात स्थिरावले, की हलका कॅमेरा ही चैन राहणार नाही. तो उपचार ठरेल.

या कटात मला एक साथीदार होता. मुरुमला माझे एक मित्र आहेत. आडतीचा धंदा, घरी अर्धी भाषा कानडी, आणि कॅमेऱ्याचा नाद माझ्याइतकाच जुना. त्यांना मी सगळे खरे सांगितले. माणूस खोटे बोलायला लागला, की त्याला कोणातरी एकाशी फार खरे बोलावेसे वाटते. त्यांनी निवडीचे काम अंगावर घेतले आणि आम्ही सोलापूरच्या एका दुकानात गेलो. तेथे त्यांनी पिशवीतून ताणकाटा काढला.

दुकानदार माहितीपत्रकातून वजन वाचून दाखवू लागला. मित्रांनी त्याला हाताने थांबवले.

"ब्याटरी धरून का सोडून?"

"सोडून," दुकानदार म्हणाला.

"म्हंजी बैल शिंगं सोडून तोलायचा. घाला ब्याटरी. कार्ड बी घाला. पट्टा लावा. आमी काय कागद गळ्यात घालून हिंडणार न्हाय."

एकेक कॅमेरा काट्याच्या आकड्याला लटकू लागला. इतर गिऱ्हाइके आपले काम सोडून पाहू लागली. मी भिंतीवरच्या जाहिराती फार लक्षपूर्वक वाचल्या.

पहिला होता माझ्याच कॅमेऱ्याचा जुळा भाऊ, वापरलेला पण सुस्थितीत. हात न चुकता त्याच्या कळांवर जाई. मित्रांनी काटा पाहिला. "ह्यो घेतला तर उजवा खांदा बी दुखवावा लागंल, मास्तर." दुसरा दुसऱ्या कंपनीचा, फुलासारखा हलका, पण माझी एकही लेन्स त्याला चालणार नव्हती. "नवरदेव देखणा हाय, पर म्हणतोय माझ्यासाठी समदं घर नवं बांधा," मित्र म्हणाले. तिसरा मात्र माझ्याच लेन्स घेणारा, माझीच बॅटरी खाणारा आणि सांध्यासांध्यातून धुळीला अडवणारा निघाला. लांब लेन्स लावली, की तो नाकावर पडे. लहान रुंद लेन्स लावली, की तळहातावर पाखरासारखा बसे. मला असाच हवा होता. एकच खोट होती. माझी करंगळी त्याच्याखाली हवेत लोंबत राही आणि कळा मोहरीएवढ्या.

"तुमच्या हाताला लहान हाय ओ," मित्र म्हणाले.

"सवय होईल," मी म्हणालो.

घरी आणून तो मी ज्वारीच्या कोठीमागे, कडुलिंबाच्या वाळल्या पाल्याच्या पिशवीत ठेवला. योग्य क्षण पाहून उपचार म्हणून जाहीर करावा, असा बेत होता. पण योग्य क्षणाआधी पत्नीचे उपचार सुरू झाले. मिठाच्या पुरचुंडीने शेक, लसणाच्या तेलाने मालीश आणि दोन्ही वेळा कडू काढा. समोर असली, की ओव्याचा शेवटचा कणही ती माझ्याकडून गिळवून घेई. हे मी सोसले. हे माझ्या वाट्याचेच होते. जे माझ्या वाट्याचे होते पण तिने सोसले, ते वेगळे.

एका सकाळी ती गिरणीतून पिठाचा डबा घेऊन आली. हे काम वीस वर्षे माझे. फाटकाशी थांबून तिने डबा कमरेच्या एका अंगावरून दुसऱ्या अंगावर घेतला, पदराने मान पुसली आणि पायरी चढली. मी ओसरीवर खुर्चीत बसलो होतो. उठलो असतो तर खांदा बरा ठरला असता. मी उठलो नाही. वर्तमानपत्राचे पान तेवढे उलटले.

त्या दिवसापासून मला तो कॅमेरा हलका वाटेनासा झाला. मी ठरवले, मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येच्या आत सगळे कबूल करायचे. कारण त्या दिवशी, आमच्या भागातल्या येळवशीला, सारे घर शेतात जाते. कडब्याचे खोपटे, कोपी, उभारून तिच्यात पूजा होते, आंबील रानात शिंपडतात, आणि ती आंबिलीची बिंदगी, म्हणजे मातीची घागर, घरातल्या कर्त्या पुरुषाने डोक्यावरून न्यायची असते. ती तिच्या डोक्यावर चढण्याआधी माझे तोंड उघडले पाहिजे, एवढीच मी स्वतःला मुदत घातली.

मुदतीचा शेवटचा दिवस मी भित्र्या माणसाला शोभेल अशा रीतीने घालवला. येळवशीच्या सकाळी ती चुलीपुढे असताना कबुलीजबाबासोबत मुद्देमालही सादर करावा, म्हणून कोठीमागे हात घातला. पिशवी होती. पाला होता. कॅमेरा नव्हता.

चोरीचा माल चोरीला गेल्याची तक्रार कोणाकडे करायची? मी तसाच बाहेर आलो. तोवर पत्नीने भज्जी, उंडे, धपाटे बांबूच्या डालीत बांधले होते. तिने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि पांढऱ्या शालीत गुंडाळलेली बिंदगी उचलून तिच्यावर बसवली.

"मी घेतो," मी म्हणालो; पण इतक्या हळू, की ते म्हणणे माझ्या मिशीतच राहिले असावे.

"खांदा?" तिने विचारले.

मी उजव्या हाताने डाल उचलली.

शेताच्या वळणापर्यंत रिक्षा गेली. पुढे बांधावरून ती बिंदगी घेऊन पुढे आणि मी उजव्या हातात डाल, गळ्यात जड कॅमेरा, असा मागे. शेजारच्या रानातून हाका येत होत्या. "मास्तर, आवंदा राज्य बदललं व्हय?" कोणीतरी ओरडले. मुरुमचे मित्र पाहुणे म्हणून आधीच कोपीपाशी आले होते. ते माझ्या डोळ्याला डोळा देत नव्हते. मला ते माझ्या लाजेचे भागीदार वाटले. इतका मी भोळा.

पत्नी बिंदगी उतरवणार, तेवढ्यात हरभऱ्याच्या टोकाकडून भोवत्या आला. राखाडी नर, पंखांची टोके काळी, सरळ आमच्या दिशेने. पुढचे मला आठवत नाही. पाहणाऱ्यांना सगळे आठवते. मी डाल टाकली म्हणे. लांब लेन्स डाव्या हातावर तोलली, पक्षी वर चढला तसे दोन्ही हात आभाळाकडे नेले आणि पाच-सात मिनिटे तसाच गोल फिरत राहिलो.

पक्षी गेला. हात अजून वरच होते.

"बरा झाला की ओ खांदा," पत्नी म्हणाली. बिंदगी तिच्या डोक्यावरच होती. "अन् आता रुंद फोटू नको व्हय? मळ्याचा, आभाळाचा? भाऊजी, द्या ह्यांना डालीतला दुसरा. जड न्हाय पडायचा."

मित्रांनी खाली मान घालून डाल उघडली. धपाट्यांच्या थप्पीखालून, स्वच्छ फडक्यात बांधलेला, माझा दुसरा कॅमेरा निघाला.

"आठ दिस झालं," ती म्हणाली. "कोठीत पाला घालाया गेले तर पाल्याला पट्टा फुटलेला. भाऊजींना फोन लावला. त्यांनी एका दमात समदं वकलं."

"वहिनींनी माझ्या आईची आण घातली, मास्तर," मित्र म्हणाले. "मी काय करू?"

"अन् चालवायचा कसा, ते बी त्यांनीच शिकवलं. बघा की आतले फोटू."

मी पाहिले. पहिल्या छायाचित्रात मी डाव्या हाताने माळ्यावरची बॅग काढत होतो. दुसऱ्यात डाव्या हाताने स्वतःची पाठ खाजवत होतो, चेहऱ्यावर परम समाधान. तिसऱ्यात गच्चीवर जड कॅमेरा तोलत होतो. चौथ्यात काढा तुळशीच्या कुंडीत ओतत होतो, तोही डाव्याच हाताने. अशी सतरा होती. आणि मला नमूद केले पाहिजे, की सगळी नीट प्रकाशात, स्थिर हाताने घेतलेली होती.

"माझं चुकलं," मी म्हणालो. या वेळी मिशीच्या बाहेर. "कॅमेऱ्याचं नाही. पिठाच्या डब्याचं. मी तुला पाहत होतो आणि उठलो नाही."

ती हे ऐकायलाच थांबली होती, असे मला वाटले. निदान तिच्या डोक्यावरची बिंदगी अजून उतरली नव्हती.

"ह्यी बिंदगी अशी पोचली म्हणून चालायची न्हाय," ती म्हणाली. "पुरुषाच्या डोक्यावरनं यायला पायजे. माघारी जावा वळणापातूर, अन् पुन्यांदा आणा. पूजा थांबंल."

मी जड कॅमेरा मित्रांच्या गळ्यात घातला, बिंदगी घेतली, आणि वळणापर्यंत चालत जाऊन तीच बिंदगी पुन्हा शेतात आणली. बांधाच्या दोन्ही बाजूंनी आसपासची रानेच्या राने जेवण सोडून उभी होती. शालीतून आंबील झिरपून माझ्या कानामागून गळ्यात उतरत होती, आंबट, गार. समोर हरभऱ्यात पत्नी दुसरा कॅमेरा डोळ्याला लावून उभी. तिची करंगळी कॅमेऱ्याखाली लोंबत नव्हती. चारही बोटे जागच्या जागी, आणि मोहरीएवढ्या कळा तिला न पाहता सापडत होत्या. जो हात मनात धरून तो बनवला असावा, तो हात मी सोलापूरला नेलाच नव्हता.

"हासू नका," ती ओरडली. "आन् मान सरळ!"

त्यानंतर तो कॅमेरा कोठीमागे गेला नाही आणि माझ्याकडेही आला नाही. रविवारी आम्ही दोघे माळावर जातो. मी सरपटतो, ती उभी राहते. रुंद चित्रे तिची. पिठाचा डबा माझ्या डाव्या खांद्यावर येतो, आणि तो थोडा दुखतो हे सांगण्याची आता सोय उरलेली नाही.

येळवशीचे ते छायाचित्र आमच्या ओसरीवर लावले आहे. त्यात बिंदगी काठोकाठ स्पष्ट आहे, शालीची वीणसुद्धा मोजता येते. माझा चेहरा मात्र पुसट आला आहे. मी एकदा अगदी हळूच, शिक्षकाच्या सुरात, फोकस चुकल्याचे सुचवले.

"चुकला न्हाय," ती म्हणाली.