रिकाम्या पिशवीचं सील
मॉलच्या दारात पिशवीच्या तोंडाला प्लॅस्टिकची पट्टी आवळताना जो करकर आवाज होतो, तो ऐकला की मला आमचे किराणावाले काका आठवतात. राहुरीच्या बाजारादिवशी खेड्यांवरची माणसं आपल्या पिशव्या त्यांच्या दुकानात ठेवून खुशाल बाजार फिरायची. गुळाच्या आणि हिंगाच्या वासात भिंतीवरच्या खिळ्यांना वीस-वीस पिशव्या उघड्या तोंडानं लटकायच्या. कोणती कुणाची, हे काकांना नुसत्या शिवणीवरून कळायचं, आणि कधी कुणाची काडी गेली नाही. पुढं गावाबाहेर मॉल झाला, आम्हीही तिकडं वळलो, आणि काकांचं दुकान बंद पडलं. नंतर एका दुपारी भरलेली ट्रॉली घेऊन मी मॉलमधून निघत होतो, तर दारात काका कापडी पिशवी घेऊन उभे. वॉचमन म्हणत होता, "बाबा, पिशवी सील करावी लागंल." काका म्हणाले, "रिकामी हाय की." "असू द्या. चोऱ्या लई होत्यात." काकांनी पिशवी पुढं केली. मी रॅकच्या आड सरकलो. थोड्या वेळानं ते चहाचा एक पुडा घेऊन परत आले. वॉचमननं पट्टी कापून खाली टाकली. काकांनी वाकून ती उचलली, दुकानात उरलेला दोरा गुंडाळायचे तशी बोटाभोवती गुंडाळली आणि खिशात ठेवली. आता माझीही पिशवी दारात सील होते, मी मुकाट्यानं पुढं करतो. 'यांना मी ओळखतो' एवढंच त्या दिवशी सांगायचं होतं, आणि दार माझ्यापासून चार पावलांवर होतं.