डी ड्राइव्हमधल्या एकसष्ट गाड्या

कापूस खरेदी केंद्रावरच्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क गेली, तेव्हा नासिरनं नवी मागितली. पुढच्या हंगामात पाहू, असं उत्तर आलं. नासिर मूळचा दारव्ह्यातला रेडिओ दुरुस्त करणारा. रेडिओ यायचे थांबले, तसं घर या हंगामी नोकरीवर आलं. त्यानं जुन्या डॉसमधूनच वाट काढली. मेमरी चार एमबी. तिच्यातला एक्स्टेंडेड, म्हणजे वरच्या जादा मेमरीचा दोन एमबीचा तुकडा वेगळा केला आणि मशीनला सांगितलं, हाच तुझा डी ड्राइव्ह. मशीन फ्लॉपीवरून सुरू व्हायचं, कापसाच्या बैलगाड्यांची यादी डी ड्राइव्हमध्ये राहायची. खोट एकच. लाइट गेली की डी ड्राइव्ह कोरा.

२००५च्या त्या हिवाळ्यात लाइट रोज दोनला जायची, सहाला यायची. नासिर पावणेदोनला यादी फ्लॉपीवर उतरवून घ्यायचा.

आदल्या वर्षी नंबराच्या चिठ्ठ्या विकल्या गेल्या होत्या, म्हणून यंदा चिठ्ठ्या बंद. गाडी रांगेनं खिडकीपुढं आणून नाव सांगायचं, मग मैदानात कुठंही बैल सोडायचे. पुकारा झाला की काट्यावर.

त्या बुधवारी मोठे साहेब पाहणीला आले. नासिरनं पावणेदोनला यादी फ्लॉपीवर उतरवून ठेवली. दोन वाजले, लाइट गेली नाही. तीन वाजले. आता आज जात नाही, असं धरून तो नावं घेत राहिला. चारला साहेबांची जीप फाटकाबाहेर पडली आणि पडदा काळा झाला.

"किती?" केंद्रप्रमुखांनी विचारलं.

"शेवटचा नंबर दोनशे चार. फ्लॉपीवर एकशे त्रेचाळीस. एकसष्ट गेले."

"भांडण झालं, तर उद्यापासून खिडकीत दुसरा माणूस."

नासिर वही घेऊन मैदानात गेला. पहिल्याच गाडीखाली बोरी अरबच्या बेबीताई बसल्या होत्या.

"ताई, तुमचा नंबर कितवा?"

"मले काय इचारतं? तुह्या मशीनले इचार ना."

"मशीन विसरलं. तुमच्या पुढं कोण होतं?"

"एका शिंगाचा बैल."

"अन् माणूस?"

"माणसाकडं कोण पाह्यते?"

मग पावणेदोननंतर नाव दिलेल्या सगळ्यांना त्यानं तेच विचारलं. पुढच्याचं नाव क्वचितच कुणाला ठाऊक होतं, बैल मात्र सगळ्यांना. एकशिंग्या, बांडा, शेपूटतुटका. वहीत बैलामागं बैल जुळत गेले. अडलं ते प्रेमसिंग नावाच्या गाडीवाल्यापाशी. बेबीताईंच्या पुढं आपण होतो, असं तो ठासून सांगू लागला. चार माणसं जमली, आवाज चढले.

"काहून खोटं बोलतं?" बेबीताई उठल्या. "तुहा बैल माह्या गाडीमागचा कडबा ओढून राह्यलता. पुढं उभा राहून मागचा कडबा ओढते का तो?"

लोक हसले. प्रेमसिंगही हसला आणि मागचा नंबर घेतला.

सहाला लाइट आली. नासिरनं एकसष्ट नावं टाकली आणि उठायच्या आधी यादी फ्लॉपीवर उतरवली.

"पुन्हा असं होऊ नये," केंद्रप्रमुख म्हणाले.

"हार्ड डिस्क द्या."

"पुढच्या हंगामात पाहू."

सकाळी खिडकीत नासिरच होता. नाव आधी वहीत, शेजारी बैलाची खूण, मग मशीनमध्ये. काम दुप्पट झालं. रांगेतल्या उकंडानं बराच वेळ पाहून विचारलं, "भाऊ, वही हाय, त मंग हे डबडं कायले?"

नासिरनं वहीत उकंडाचं नाव लिहिलं.

"बैल कोणता?" त्यानं विचारलं.