साळुंख्याचा अडॅप्टर

डायलिसिसच्या खोलीत चार-चार तास खुर्चीला बांधून ठेवलेली माणसं बोलण्याशिवाय दुसरं करणार काय? अंगात साचलेलं सगळं मशीन काढून टाकतं. किस्से तेवढे साचत राहतात.

आमचं सेंटर कर्वेनगरात. माझ्या एका बाजूला जोशीबाई, निवृत्त शिक्षिका. दुसऱ्या बाजूला साळुंखे, कारखान्यातला फिटर, आमच्यात सगळ्यात तरुण, म्हणजे चाळिशी उलटलेला. मुलाने टाकून दिलेला, हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम तो सोबत आणायचा. एका हाताला सुया, दुसऱ्या हाताने रेसिंग. गाडी प्रत्येक वळणावर कठड्यावर आदळायची.

"साळुंखे, याला ब्रेक नाही का?" जोशीबाईंनी विचारलं.

"आहे मॅडम. पण तो सुयांच्या हाताकडे आहे!"

*

एक दिवस गेमचं मेमरी कार्ड मेलं. तसली कार्डं आता कुणी बनवत नाही. त्याऐवजी एक अडॅप्टर मिळतो. त्याच्या पोटात मोबाइलचं बारकं कार्ड घालायचं आणि तो गेममध्ये बसवायचा. साळुंखे दुकानात गेला.

दुकानदार पुण्याचाच. "एवढ्या जुन्या मशीनवर कशाला खर्च करताय?"

"माझ्यावर करतायत, ते कुठं कुणी विचारतंय?" साळुंखे म्हणाला.

अडॅप्टरला सहा महिन्यांची गॅरंटी मिळाली. जोशीबाई म्हणाल्या, "भाग्यवान आहे. आपले डॉक्टर तेवढीही देत नाहीत!"

*

आतलं कार्ड केवढं घ्यायचं, यावर आमची परिषद भरली. मी म्हटलं, "मोठंच घे. सगळे गेम मावतील." साळुंख्याने सगळ्यात लहान घेतलं.

"काका, मोठं घेऊन करू काय? धाकटा भाऊ किडनी देतोय. टेस्ट जुळल्यात. दिवाळीला मी इथं नसणार!"

"अहो, असं वाक्य इथे बोलू नये," जोशीबाई म्हणाल्या.

*

जोशीबाईंनाही भाची होती. आजारपण कळल्यावर रडत आली. "मावशी, तू फक्त माग, काहीही माग!"

"मी मागितली," जोशीबाई म्हणाल्या. "तेव्हापासून तिच्या फोनला रेंज नसते."

*

स्वस्तातला अडॅप्टर सैल निघाला. जरा धक्का लागला की गेम बंद. साळुंख्याने सुयांवर लावायची चिकटपट्टी मागितली, तिचा तुकडा अडॅप्टरला मागून चिकटवला आणि तो घट्ट बसवला.

सिस्टर ओरडल्या, "ती पट्टी पेशंटसाठी आहे!"

"मग हा कोण आहे?" साळुंखे म्हणाला.

*

भावाचा मार्केट यार्डात कांद्याचा गाळा. ऑपरेशन आधी त्याच्या मेहुणीच्या लग्नामुळे पुढे गेलं. मग कांद्याचा सीझन आला. मग त्याच्या बायकोने पत्रिका दाखवून घेतली. लोकांना "पुढच्या आठवड्यात या" सांगण्यात माझी उभी सरकारी नोकरी गेली, पण या माणसापुढे मी उमेदवारच.

साळुंखे दर वेळी सांगायचा, "काका, आता मात्र नक्की."

दिवाळी आली. साळुंखे इथेच होता. आम्ही तिघांनी एक चकली वाटून खाल्ली, कारण मीठ वर्ज्य!

*

संक्रांतीनंतर भाऊ पहिल्यांदाच सेंटरवर आला. नळ्यांमधून फिरणारं रक्त पाहून दारातच थबकला. मग स्टुलावर बसला. साळुंख्याने गेम बाजूला ठेवला. जोशीबाईंनी झोपेचं सोंग घेतलं. मी पेपर धरला.

"कसा आहेस, दादा?"

"बरा. डॉक्टरांना भेटलास का? तारीख मागत होते ते."

भावाने खिशातून एक छोटी डबी काढली आणि साळुंख्याच्या मोकळ्या हातात ठेवली.

"तुझ्या कार्डात जागा पुरत नाही म्हणून तुझं पोरगं सांगत होतं. दुकानात होतं त्यातलं सगळ्यात मोठं आणलंय."

साळुंखे त्याच्याकडे बघत राहिला. भाऊ मशीनकडे बघत होता.

"आता काळजी नाही, दादा. जन्मभर पुरेल!"