जर्मन नव्हतं ते

मधुभाऊ गेला. आणि चाळीस वर्षांपूर्वी मी त्याला चारचौघींत खोट्यात काढलं होतं.

काल त्याची तेरवी झाली. खाप्याला, त्याच्या गावी, जाऊन आले. तेव्हापासून एक आवाज डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी: ८४-८५च्या सुमारास गांधीबागेत, कापडाच्या दुकानांच्या गर्दीत एका जिन्याखाली मधुभाऊचं कॅसेट रेकॉर्डिंगचं दुकान होतं. आपण गाण्यांची यादी द्यायची, तो कॅसेट भरून द्यायचा.

बाजू संपताना दोन-तीन मिनिटं टेप उरायचीच. बाकीचे दुकानदार ती कोरी सोडायचे. मधुभाऊला ते जमायचं नाही.

"रिकामी टेप पाहून मले कसंतरीच होते वं."

मग तो आपल्या मनाने काहीतरी भरायचा. शॉर्टवेव्हवर पकडलेलं. कोणाच्या तरी दुबईच्या भावाने आणलेलं. कधी नावही न ऐकलेल्या छोट्या बँड्सचं. पुष्कळदा त्यात गाणंच नसायचं, नुसते मशीनमधून निघालेले सूर.

प्रताप नगरातल्या आम्ही चार मैत्रिणी यादी आपली नावापुरती द्यायचो. घरी आलं की टेप थेट शेवटाला न्यायची. कोणाच्या कॅसेटला काय लागलं यावरून भांडणं व्हायची.

अख्ख्या नागपुरात हे फक्त आपल्यालाच माहीत आहे, असा माज होता आम्हाला. मला जरा जास्तच.

एकदा माझ्या कॅसेटच्या शेवटी ते आलं.

खाली एक ठोका. खट-खटाक, खट-खटाक, भलत्याच वेगात.
वर ऑर्गनचे तीन-चारच सूर, लांबवलेले.
आणि मध्येच सगळं थांबायचं.
अर्धा श्वास.
पुन्हा सुरू.

त्या थांबण्याने मी वेडी झाले होते. दिवसातून दहादा ऐकायचे. आमच्यातली जया म्हणाली, "ते फॉरेनचे लोकं गणित करून थांबतात. आपल्याकडे कोणाले सुचते का हे?"

आम्ही चौघी दुपारी दुकानात धडकलो.

"मधुभाऊ, कोणाचं आहे गा ते? असलं मी जिंदगीत ऐकलं नाही."

तो एक रेडिओ उघडून बसला होता. मान वर न करता त्यातला एक स्क्रू काढला. मग म्हणाला,

"माह्यं आहे."

मी हसले. नुसती हसले नाही, पोट धरून हसले.

"तुह्यं? काहीही फेकून राहिला! खाप्यात बनते का असं?"

चौघी हसलो. मग तोही हसला.

"मस्करी केली वं. जर्मनीचं आहे."

आणि खिशातला पेन काढून त्यानेच माझ्या हातात दिला. "घे, लिहून ठेव. विसरशील."

मी कॅसेटच्या कव्हरवर ठळक अक्षरात लिहिलं: जर्मन.

पुढच्या कॅसेटचा शेवट कोरा निघाला. त्याच्या पुढच्याचाही.

"काहून गा रिकामी?" मी विचारलं.

"नवीन काही आलंच नाही," तो म्हणाला.

मला तेव्हाही काही कळलं नाही. अक्कल म्हणतात ती मला फार उशिरा आली.

दुकान बंद पडलं, तो खाप्याला परत गेला, मिक्सर-टीव्ही दुरुस्त करू लागला. ओळखीच्यांच्या लग्नाकार्यात भेटायचा. दर वेळी एकच प्रश्न, "काय ऐकून राहिली आजकाल?"

मी फोन काढून दाखवायचे. माझी लेक मला लिंक पाठवते, कुठला तरी पोरगा आपल्या खोलीत बसून एकट्याने म्युझिक बनवतो, स्वतःच रिलीज करतो. मी मधुभाऊला कौतुकाने सांगायचे, "बघ नं, घरच्या घरी केलंय यानं!"

त्या अनोळखी पोरावर माझा लगेच विश्वास बसायचा.

मधुभाऊ इयरफोन लावून शेवटपर्यंत ऐकायचा. म्हणायचा, "चांगलं आहे."

काल अंगणात पंगतीला बसले होते. पहिला घास हातात, आणि शेजारच्या घरातून आवाज आला.

खट-खटाक. खट-खटाक.

पुष्कळ संथ. पण तोच.

मला माहीत होतं, आता थांबेल.
थांबला.
पुन्हा सुरू झाला.

त्याची बायको, आमच्या वहिनी, वाढत होत्या. म्हणाल्या, "माग आहे तो. आमचा होता, सासरे गेले अन् मोडला. आता हा एकच उरला."

"मध्येच थांबतो तो?"

"कांडीवरचं सूत संपते नं. नवी कांडी भरा लागते."

मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "हे लग्नाआधी टेपरेकॉर्डर घेऊन मागापाशी बसून राहत म्हणे. सासूबाई सांगत. काहून, ते कोणाले समजलं नाही."

मागाचाच ठोका होता तो, टेप पळवून वेगात केलेला. घास तसाच खाली ठेवला मी.

त्याच्या त्या टेप्स आहेत का, विचारलं. वहिनी म्हणाल्या, सगळ्यांवर त्याने नंतर भजनं भरली.

म्हणजे आता माझ्याकडे आहे तेवढीच.

आज सकाळपासून मिक्सर लावला तरी तो ठोका, वॉशिंग मशीन फिरलं तरी तो ठोका. मशीन थांबलं की माझा श्वास थांबतो. पुन्हा सुरूच होणार नाही अशी भीती वाटते. लाजही वाटते.

माळ्यावरून ती कॅसेट काढली. टेपरेकॉर्डर कधीचा बंद पडलाय. असलं मशीन नीट करणारा माझ्या ओळखीत एकच माणूस होता.

तुमच्यापैकी कोणाकडे त्या जिन्याखालच्या दुकानातली कॅसेट असेल, तर एक करा. शेवटचं गाणं संपलं म्हणून बंद करू नका. चालू द्या.

कव्हरवरचं 'जर्मन' मी आज खोडलं. खाली लिहिलं: मधुभाऊ, खापा.

तुझंच होतं ते, मधुभाऊ. तू सांगितलं होतंस.

माझी श्रद्धांजली फार उशिराची आहे. घे एवढी, आणि जा निवांत.